कपाटावरचा पडदा

तर पडदेवाले स्टुलावर चढलेले, ओठांत टाचण्या, हातात रुमाल, आणि नाक कॅमेऱ्याच्या इतकं जवळ की काचेवर श्वासाची वाफ धरत होती. आणि नेमकं तेव्हाच कपाट बोललं. कपाट म्हणजे कपाटावर ठेवलेला तो कॅमेरा, आणि बोलली ती त्यांची लेक, दुसऱ्या शहरातल्या तिच्या ऑफिसातून.

"बाबा, हे काय चाललंय?"

ओठांत टाचण्या धरलेला माणूस यावर काय उत्तर देणार? थुंकाव्यात तर खाली अनवाणी पाय, गिळाव्यात तर तशी सोय नाही. पडदेवाल्यांनी तो रुमाल काचेवर एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे फिरवला आणि आपण धूळ पुसायला आलो आहोत असा चेहरा केला. चेहरे करण्यात ते कधीच हुशार नव्हते. शिवाय लेकीला चेहरा दिसतच नव्हता. तिला दिसत होतं एक भलंमोठं नाक आणि त्याखाली टाचण्यांच्या मिशा.

तिनं आवाज चढवला नाही. भिंत धरा म्हणाली, हळू उतरा म्हणाली, दुसरा पाय आधी टेकू नका म्हणाली. ते उतरले, टाचण्या ताटलीत ठेवल्या, खुर्चीत बसले. मग तिनं काय ते एकदाच सांगितलं. पुन्हा त्या स्टुलावर दिसलात, तर मी येऊन तुमचं सामान बांधणार, घराला कुलूप घालणार आणि तुम्हाला आमच्याकडे नेणार.

आता लेकीचं घर काही वाईट नव्हतं. उंचावर होतं, वारा यायचा, नळाला गरम पाणी होतं. पण तिथले पडदे बटण दाबलं की आपोआप सरकायचे. पडदेवाले एकदा तिथे राहायला गेले आणि पहाटे आपल्या समोरचा पडदा हात न लावता बाजूला होताना त्यांनी पाहिला. आपण गेलो, असंच त्यांना वाटलं. तेव्हापासून त्या घरी जायचं म्हटलं की ते काही ना काही निमित्त काढत. हे इथलं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि जिन्याखालचं बंद केलेलं दुकान. पण इथे डोळे मिटूनही त्यांचा हात बरोबर कात्रीवर पडायचा. हे घर सुटलं असतं तर त्यांचं सगळंच सुटलं असतं, आणि हे त्यांना स्टुलावरून उतरताना, दुसरा पाय नंतर टेकताना, पुरतं कळलं.

पण मुळात असा शहाणा माणूस त्या वयात स्टुलावर चढला कशाला, हे समजायचं तर माणूस आधी समजला पाहिजे.

उभा जन्म त्यांनी लोकांच्या खिडक्या झाकल्या. कापड बेतायचं, चुण्या घालायच्या, दांडी ठोकायची, पडदा टांगायचा. ज्या वस्तादाकडे ते हे काम शिकले, त्याचा एक दंडक होता. पडदा लावून झाला की घरमालकाला विचारायचं नाही कसा दिसतो म्हणून. खाली जायचं, रस्त्यावर उभं राहायचं आणि मान वर करून बघायचं. पडदा घरच्यांसाठी नसतोच, तो रस्त्यावरच्यासाठी असतो, मग रस्त्यावर उभं राहिल्याशिवाय तो लागला की नाही हे कळणार कसं?

या दंडकापायी पडदेवाले एकदा पोलिसाच्या हाती लागले. दिवेलागणीची वेळ, नवं जोडपं राहायला आलेलं घर, आणि हे समोरच्या फुटपाथवर मान वर करून उभे. डोकं कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पोलिसानं खांद्यावर हात ठेवला. पडदा बघतोय, असं हे म्हणाले. पडदा बघतोस की पडद्यामागचं, असं तो म्हणाला. अर्धा तास तिथेच हुज्जत चालली. शेवटी नवरा खाली आला, त्यानं खुलासा केला आणि प्रकरण मिटलं. पुढच्या आठवड्यात तोच पोलीस दुकानात आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, आमच्या घराचं माप घ्यायला कधी येता?

समोरासमोरच्या घरांतल्या त्या दोन भावांची गोष्टही ते फार रंगवून सांगत. बोलणं बंद, तोंड बघणं बंद. एकानं जाड पडदे शिवून घेतले, दुसऱ्याला आपलं घर दिसू नये म्हणून. मग दुसऱ्यानं त्याहून जाड घेतले. आणि गंमत अशी की दोघांनीही, वेगवेगळ्या दिवशी, पडदेवाल्यांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं की कडेला बोटभर फट राहू द्या. पडदेवाल्यांनी दोन्ही फटी एकाच उंचीवर ठेवल्या. रोज सकाळी या फटीतला डोळा त्या फटीतल्या डोळ्याला भिडायला लागला. किती दिवस भिडणार? बोलावंच लागलं त्यांना. खरं किती आणि पडदेवाल्यांनी वरून घातलेली झालर किती, ते देव जाणे. पण ते दोघे भाऊ पुढे एकाच रिक्षातून फिरताना दिसत, हे मात्र खरं.

आणि सगळ्यात जाड पडदा त्यांनी ज्याच्या घरी लावला, त्या माणसाबद्दल सारी गल्ली म्हणायची की तिथे खोट्या नोटा छापतात. पडदेवाल्यांना आतलं माहीत होतं. दांडी सैल झाली म्हणून ते एकदा भरदुपारी गेले होते. तो माणूस गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून लहान पोरांची चित्रांची पुस्तकं वाचत बसला होता. पडदेवाल्यांनी दांडी घट्ट केली, निघून आले आणि पुढे कितीही वर्षं गेली तरी गल्लीला नोटाच छापू दिल्या.

घरची खिडकी मात्र उघडी. लोकांचे पडदे संपतील तेव्हा आपला शिवू, असं ते बायकोला म्हणत. लोकांचे काही संपले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीला तिनं जुनी चादर बांधली होती, ती तिच्यामागेही तशीच राहिली.

मग एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात पडदा टांगताना ते शिडीवरून पडले. मनगट मोडलं. डॉक्टर धावत आला, पण तो दातांचा. त्यानं आधी तोंड उघडायला सांगितलं. लेक आली, जावई आला, दुकानाला कुलूप लागलं, शिडी विकली गेली आणि जावयानं कपाटावर कॅमेरा बसवला.

पांढरा, कपाएवढा, गोल डोक्याचा. मान फिरवायचा तेव्हा घुर्र असा बारीक आवाज व्हायचा. जावयाला त्याचं फार कौतुक. इथून खाट दिसते, टेबल दिसतं, दार दिसतं, इथून बोलता येतं, इतकंच काय, याला अंधारातही दिसतं, असं त्यानं सांगितलं. पडदेवाले म्हणाले, मग मांजर आणलंत म्हणा ना. जावई हसला. त्याला वाटलं, सासरेबुवांना आवडलं.

त्या दिवसापासून पडदेवाले आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहायला लागले. सकाळी उठल्याबरोबर इस्त्रीचा सदरा. खुर्चीत ताठ, हात मांडीवर, जणू आता फोटो निघणार. जांभई आली तर तोंडावर हात. पाठ खाजवायची झाली तर न्हाणीघरात जाऊन, दार लावून. मधूनच कपाटातून आवाज यायचा, "बाबा, गोळी घेतलीत?" आणि हे उभे राहून उत्तर द्यायचे. लेकीला वाटायचं, बाबा किती नीटनेटके राहायला लागले. जावयाला वाटायचं, तब्येत सुधारली.

यातही त्यांनी दिवस काढले असते. पण दुपारचा डाव मोडला, तिथे सगळं बिनसलं.

वरच्या मजल्यावर एक मास्तरीणबाई राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. रोज दुपारी जेवणं झाली की त्या खाली यायच्या आणि दोघे रमी खेळायचे. पैसे लावून नाही. हरेल त्यानं चहा करायचा. कॅमेरा बसल्यावर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा घुर्र करून त्यानं मान वळवली आणि बाईंकडे बघितलं. बाई उंबऱ्यावरच थांबल्या.

"पडदेवाले, मी जन्मभर पोरांवर लक्ष ठेवलंय," त्या म्हणाल्या. "लक्ष ठेवणं काय असतं ते मला नका शिकवू. मी याच्यापुढे बसायची नाही."

आणि गेल्या वर. पडदेवाल्यांनी जिन्यात डाव मांडून पाहिला. वाऱ्यानं पत्ते खालच्या मजल्यावर गेले आणि भाजी घेऊन येणाऱ्या लोकांनी पायरीवर बसलेल्या या दोघांना ओलांडताना असे काही चेहरे केले की बाई म्हणाल्या, त्यापेक्षा कॅमेरा परवडला. पण यायच्या मात्र नाहीत. मग पडदेवाल्यांनी भीत भीत लेकीला विचारलं, दुपारचा थोडा वेळ हे बंद नाही का राहणार? लेक कामात होती. चिडून नाही, सहजच तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला लपवायचं काय आहे?"

काही नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही गिऱ्हाईकाला हा प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर हातभर कापड खपलं नसतं. आणि विचारला असता तर त्या प्रत्येकानं हेच उत्तर दिलं असतं, काही नाही. गरम पाण्यात पाय सोडून बसणाऱ्यानंही. पण असलं शहाणपण फोन ठेवल्यावरच सुचतं. म्हणून मग रुमाल आला, रुमाल टाचायला टाचण्या आल्या, टाचण्यांसाठी स्टूल आलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ताकीद मिळाल्यावर दुसरा कोणी गप्प बसला असता. पडदेवाले गप्पच बसले, पण विचार करत. रुमाल टाकायचा तर रोज चढावं लागणार, रोज काढावं लागणार. त्यात धोका. पण रीतसर पडदा लावला, दांडी, कड्या आणि ओढायची दोरी, तर चढायचं एकदाच. पुढे जन्मभर खालून दोरी ओढली की झालं. म्हणजे स्टुलावर चढायचं टाळण्यासाठीच एकदा स्टुलावर चढणं भाग होतं. हे त्यांना इतकं पटलं की लेकीलाही समजावून सांगावं असं क्षणभर वाटून गेलं.

त्यांनी बेत आखला. कॅमेरा म्हणजे त्यांच्या लेखी खिडकी. खिडकीशी कोणी उभं असेल तरच आतलं दिसणार. लेक बघायला आली की तो घुर्र करून मान हलवतो. मान हलत नसेल तर खिडकीशी कोणी नाही. बघितलेलं तो साठवून ठेवतो, ही गोष्ट जावयानं सांगितली असेलही. पडदेवाले तेव्हा मांजराचा विचार करत होते.

सामान घरातलंच. मोडक्या छत्रीची काडी दांडीला, किल्ल्यांच्या जुडग्यातल्या बारीक कड्या पडद्याला, आणि दोरी फिरवायला दोऱ्याची दोन रिकामी रिळं. कापड म्हणून त्यांनी ठेवणीतली जाळी काढली, पांढरी, बारीक, हातात घेतली तर हाताला कळू नये अशी. एका मोठ्या हॉटेलच्या कामातून उरलेली. एवढ्याशा खिडकीला जाड कापड गावंढळ दिसलं असतं, आणि काडीला ते पेललंही नसतं. चुण्या अशा घातल्या की मोजपट्टीनं मोजाव्यात. मनगट दुखत होतं, तरी खालच्या दुमडीत त्यांनी एक बारीक साखळी शिवली, पडदा सरळ पडावा म्हणून.

कॅमेऱ्याची मान हलत नाही असं बघून एका दुपारी ते चढले. स्टूल धरायला बाई. काम फत्ते झालं. दोरी ओढली, कड्या सरसर सरकल्या आणि जाळीमागे कॅमेरा गडप झाला. पडदेवाले दारात उभे राहून बघून आले, खाटेवर आडवे होऊन बघितलं, स्वयंपाकघरातून वाकून बघितलं. कुठूनच दिसेना. वस्तादाचा दंडक पाळायला रस्त्यावर काही ते गेले नाहीत, कारण या खिडकीला रस्ताच नव्हता.

बाईंनी चष्मा लावून तपासणी केली आणि पास केलं. पत्ते निघाले.

मग काय विचारता! जेवण झालं की पडदा ओढायचा, सदरा खुंटीला, अंगात बनियन, पाय खाटेवर, ट्यूब लावून डाव सुरू. बाई तावातावानं बोलायच्या, हे मोठमोठ्यानं हसायचे, पाठ खुशाल पट्टीनं खाजवायचे. जोकर मांडीखाली लपवायची त्यांची जुनी खोडही परत आली. दिवेलागणीला दोरी सोडायची, सदरा चढवायचा आणि फोटोसारखं बसायचं. घुर्र. "बाबा, कसे आहात?" बरा आहे.

दुपारभर कॅमेरा झाकलेला असतो आणि लेक चकार शब्द काढत नाही, याचा अर्थ पडदेवाल्यांनी असा लावला की तिला पत्ताच नाही. एकदा संध्याकाळी ती म्हणाली, चहात साखर जरा कमी घालत जा. एकदा म्हणाली, नवे बनियन पाठवतेय, जुनं पाठीवर फाटलंय. पडदेवाल्यांचे डोळे भरून आले. बघा, ते बाईंना म्हणाले, पोरीला तिथे बसून इथलं कळतं, याला म्हणतात माया. बाईंनी कपाटाकडे बराच वेळ बघितलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण हातात पानं चांगली आली होती, म्हणून त्यांनी तो विषय तिथेच सोडला.

एके दिवशी दोरी रिळावरून निसटली आणि पडदा अर्ध्यातच अडकला. बाई यायच्या होत्या. त्यांना हाक मारायची तर आपलं काम कच्चं ठरणार. पडदेवाले एकटेच चढले, दोरी बसवली, आणि उतरताना स्टूल कलंडलं. कपाटाची कड हातात आली म्हणून वाचले. काही क्षण ते तसेच लोंबत राहिले, पायानं स्टूल चाचपत. मग ते सापडलं. उतरले, पाणी प्यायले, आणि कोणी बघितलं नाही म्हणून देवाचे आभार मानले.

पुढच्याच रविवारी डाव ऐन रंगात आलेला असताना दार वाजलं. बाईंनी उघडलं. दारात लेक उभी, हातात मोठी बॅग, आणि ती ज्या तऱ्हेनं लोंबत होती त्यावरून कळत होतं की ती रिकामी आहे.

पडदेवाल्यांनी अंगावर चादर ओढली. लेकीनं बॅग दाराशी ठेवली, पाणी प्यायली, खाटेच्या कडेला बसली आणि विचारलं, स्टूल कुठे आहे? कुठलं स्टूल, असं हे म्हणाले.

"ज्याच्यावर चढून तुम्ही हा पडदा लावलात ते. बाईंनी धरलं होतं. एकाच हातानं. दुसऱ्या हातात त्यांचा चहा होता."

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला.

लेकीनं फोन काढून वडिलांच्या हातात दिला. पडद्यामागचा कॅमेरा जे बघत होता ते त्यात दिसत होतं. खोली. खाट. खाटेवर पसरलेले पत्ते. चादर पांघरून हातातल्या फोनकडे बघणारा एक म्हातारा. सगळ्यावर अगदी विरळ धुकं पसरल्यासारखं, पण त्या धुक्यातून बनियनचं भोकसुद्धा दिसत होतं. त्यांनी हात हलवला. म्हाताऱ्यानंही हलवला. हाच तो रस्ता होता, आणि आज कुठे ते त्याच्यावर येऊन उभे राहिले होते.

ते चिडतील असं बाईंना वाटलं. रडतील असं लेकीला वाटलं. पडदेवाल्यांनी फोन उजेडाकडे तिरका धरला आणि ते म्हणाले,

"अस्तर. अस्तर लावलं नाही मी."

मग ते बोलायला लागले ते स्वतःशीच. नुसती जाळी उजेडाकडून झाकते, अंधाराकडून नाही. आत दिवा लागला आणि बाहेर अंधार असला की जाळीचा पडदा आणि उघडी खिडकी सारखीच. नव्या नवरीला सांगितलंय हे त्यांनी, त्या पोलिसाला सांगितलंय, दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलंय. आणि इथे कपाटावर अंधार, खाली ट्यूब लख्ख. एवढं आपलं आपल्याला कळू नये! कोणीतरी आपल्याला इतके दिवस बघत होतं याचं त्यांना काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. आपण लावलेल्या पडद्यातून दिसत होतं, याचं मात्र फार लागलं होतं.

मग बोलली का नाहीस, असं त्यांनी शेवटी विचारलं. तेव्हा लेकीनं सांगितलं. पडदा लागला त्याच दिवशी ती सामान बांधायला निघाली होती. निघता निघता तिनं एकदा फोनमध्ये बघितलं, तर बाबा हसत होते. उघड्या कॅमेऱ्यासमोर बसणारे बाबा तिला कुणा परक्याच्या घरी नोकरीला असल्यासारखे वाटायचे. हे पडद्याआडचे बाबा तिचे होते. आई असताना असायचे तसे. म्हणून तिनं पाय मागे घेतला, आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत ती रोज त्यांना बघत जेवायला लागली. जोकर मांडीखाली सरकवताना ते छताकडे बघतात, तेव्हा तर तिला—

"काय सरकवताना?" बाई म्हणाल्या.

लेकीनं जीभ चावली. पडदेवाल्यांनी छताकडे बघितलं.

"ते साठवलेलं असतं ना गं सगळं?" बाई उठून तिच्या शेजारी येऊन बसल्या. "दाखव बरं मला. पहिल्यापासून दाखव."

कॅमेऱ्यापुढे बसणार नाही म्हणून वर गेलेल्या त्याच या बाई. चहा करून करून हात दुखले होते त्यांचे. पण लेकीला त्या दिवशी वेगळंच काही दाखवायचं होतं. तिनं फोनवर बोट फिरवलं आणि तो दिवस काढला. स्टूल कलंडलं, बाबा कपाटाला लोंबले, पाय हवेत. ऑफिसात सगळ्यांसमोर ती किंचाळली होती, असं ती म्हणाली. इकडे आवाज पोचवायचं बटण दाबायचं तिला सुचलंच नव्हतं. आता ती ते परत बघू शकत नव्हती. तिनं मान दुसरीकडे वळवली.

"मी बॅग आणलीय, बाबा," ती म्हणाली.

फोनवर तिचं बोट सरकलं आणि कपाटावर कॅमेऱ्यानं घुर्र केलं. मग पडदेवाल्यांनी हळूच विचारलं, मी स्टुलावर कशाला चढलो? पडद्यासाठी, लेक म्हणाली. पडदा कशाला? कॅमेऱ्यासाठी. आणि कॅमेरा कशाला बसवला होता?

तुम्ही पुन्हा कुठे चढून पडू नये म्हणून, असं म्हणता म्हणता ती मध्येच थांबली.

"आता चूक कोणाची ते तुम्ही दोघं ठरवा," बाई म्हणाल्या. "मी चहा टाकते. हा शेवटचा. पुढचे सगळे तुम्ही करायचे, पडदेवाले."

त्या आत गेल्या. लेक बॅगेकडे बघत बसली. तिचंही खरं होतं. कॅमेरा काढला तर तिला तिकडे झोप लागणार नव्हती. ठेवला तर इकडे बाबा पुन्हा फोटोत जाऊन बसणार होते. ती असं काहीसं म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज लहानपणीसारखा झाला. पडदेवाल्यांनी चादर बाजूला टाकली, शिवणाच्या मशीनचा खण उघडला आणि त्यातून करड्या रंगाच्या अस्तराचा एक तुकडा काढला. तिच्या हातात दिला. टाचण्यांची ताटली दिली. स्टूल कपाटाशी सरकवलं आणि म्हणाले, तू चढ. मी आता चढणार नाही.

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की आपण एक वचन ऐकलं, हे तिला चढल्यावर कळलं.

ती वर, ओठांत टाचण्या. ते खाली, हातात तिचा फोन, मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे. रस्त्यावर उभं राहून बघायचे, अगदी तसे. ती अस्तर टाचत असताना तिचं बोट कॅमेऱ्याच्या कपाळाला लागलं आणि टक् असा आवाज होऊन काच झाकली गेली. कॅमेऱ्याला मुळातच एक सरकतं झाकण होतं. विकत घेतला तेव्हापासून होतं. जावयानं त्याला अंधारात दिसतं का ते तपासलं होतं, मान किती वळते ते तपासलं होतं. तो मिटता येतो का, हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

लेक हसायलाच लागली. बाबा, मग हे अस्तर कशाला, हे झाकण सरकवलं की झालं. पडदेवाल्यांनी फोनकडे बघितलं. काळं. काठोकाठ काळं. त्यांनी फोन जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. यात घर आहे की विहीर, काही कळत नाही, असं म्हणून त्यांनी तिला ते उघडायला लावलं. तिनं झाकण उघडलं, शेवटची टाचणी लावली, दोरी ओढली. फोनात करडं कापड आलं आणि त्यामागचं सगळं, पत्ते, खाट, बनियन आणि आतून कप घेऊन येणाऱ्या बाई, दिसेनासं झालं.

"आता मला काय दिसणार, बाबा?" तिनं वरून विचारलं.

पडदेवाल्यांनी फोनवरची नजर काढली नाही.

"पडदा दिसेल. दुपारी ओढलेला दिसेल, दिवेलागणीला सारलेला दिसेल. रिकाम्या घरात रोज पडदा ओढायला कोण बसलंय गं? त्या डाव्या कडेची चुणी जरा सैल सोड, तिथून अजून दिसतंय."